स्ट्रीट्स ऑफ रेज ४ : जीव उधारीवर घेऊन मारामारी

आधीच सांगून ठेवतो, मी काय मोठा गेमिंगवाला नाही. बेळगावच्या उद्यमबागेत शिफ्ट करतो, आठवड्याला एक सुट्टी, त्यात कोण बसतंय शंभर शंभर तासांचे गेम संपवत. पण दिसेल त्याला मारत मारत उजवीकडं जायचं, हा प्रकार आपल्या हाडात आहे. शहापुरात आमच्या लहानपणी एका बोळात व्हिडिओ गेमचं दुकान होतं, दाराला मळका पडदा, आत अंधार, रुपयाला एक कॉईन, आणि आत गेलं की सगळी पोरं मुस्तफावर. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमनं १९९३ ला काढलेला, मुस्तफा हे त्यातल्या चौघांतल्या एकाचं नाव, हे सगळं मला लग्न झाल्यावर नेटवर कळलं. आमच्याकडं मराठी पोरं पण मुस्तफाच म्हणायची, कन्नड पोरं पण मुस्तफाच म्हणायची, तेवढ्या एका नावावरनं बेळगावात कधी वाद झाला नाही.

स्ट्रीट्स ऑफ रेज मात्र त्या दुकानात नव्हता. तो सेगाच्या मेगा ड्राईव्हवरचा, म्हणजे घरच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवरचा, आणि ते मशीन आमच्या गल्लीत कुणाकडं असणार. पहिला भाग १९९१ चा, दुसरा १९९२ चा, तिसरा १९९४ चा. आम्ही दुसरा खेळलो तो दहा-बारा वर्षं उशिरा, सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर, कुणीतरी एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवायचं सॉफ्टवेअर, टाकून ठेवलेलं त्यात. एकाच कीबोर्डवर दोघं, मी बाणांवर आणि दोस्त डावीकडच्या अक्षरांवर, तीन-चार बटणं एकदम दाबली गेली की कीबोर्ड टूं टूं करायचा आणि एकाचा माणूस जागेवर पुतळा. कॅफेचा मालक तासाचे पैसे घ्यायचा आणि वर ओरडायचा, बटणं मोडशीला लेकानो.

चौथा भाग आला ३० एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनात, तिसऱ्यानंतर २६ वर्षांनी. सेगानं स्वतः केलेला नाही, सेगाकडनं हक्क घेऊन फ्रान्सच्या डॉटएमू आणि लिझार्डक्यूबवाल्यांनी आणि त्यांच्या जोडीला गार्ड क्रश गेम्सनं केलाय. मला हे ऐकून जरा धाकधूकच होती, कारण जुन्या नावावर पैसे काढायला केलेले दुसरे-तिसरे भाग आपण सगळ्यांनीच बघितलेत, पिक्चरमध्ये पण आणि गेममध्ये पण. सेल लागल्यावर घेतला, भाच्याच्या कॉम्प्युटरवर टाकला, दोन कंट्रोलर जोडले, आणि त्याच सायबर कॅफेवाल्या दोस्ताला फोन केला. तो आता दोन पोरांचा बाप, पण आला गाडी काढून.

पहिल्यांदा डोळ्यात भरतं ते चित्र. जुने भाग म्हणजे ठिपक्याठिपक्यांची माणसं, हा सगळा हातानं काढलेला, जाड रेघांचा, कॉमिकसारखा. निऑन पाट्यांचा उजेड माणसांच्या अंगावर पडतोय, त्याखालनं चालत गेलं की अंगावरचा रंग बदलतोय. जुन्या भागांतला हिरो अॅक्सल, त्याला दाढी आलीय आणि अंगानं सुटलाय, दहा वर्षं गेलीत ना गोष्टीत. दोस्त बघूनच म्हणाला, हा तर तुझ्यासारखाच झालाय की गा. चित्राबद्दल एवढं पुरे, कारण चित्र बघायला यूट्यूब पुरतं, विकत घ्यायचं ते हाताला काय लागतंय त्यासाठी.

आणि हाताला जे लागतंय त्यात एक नियम असा आहे की त्या एका नियमासाठी मी ह्या गेमला बाकीचं सगळं माफ करायला तयार आहे, निदान निम्मं तरी.

दुसऱ्या भागात स्पेशल मार मारला की जीवाच्या पट्टीतला तुकडा जायचा. गेला म्हणजे गेला, रोखीचा व्यवहार. त्यामुळं काय व्हायचं, आम्ही स्पेशल वापरायचोच नाही, कंजूष माणसासारखं जीव सांभाळत बसायचो आणि शेवटी तसंच मरायचो, पट्टी भरलेली असताना कधी वापरलं नाही म्हणून हळहळत. तिसऱ्या भागात स्पेशलसाठी वेगळी पट्टी दिली, ती भरली की फुकट. चौथ्यात त्यांनी काय डोकं लावलं बघा, स्पेशल मारला की तेवढा जीव लगेच जात नाही, पट्टीचा तेवढा भाग हिरवा होतो. आता पुढचे साधे मार लागले की तो हिरवा भाग परत आपला. पण ते लागायच्या आत आपल्याला एक जरी बुक्की बसली, की हिरवं सगळं साफ.

म्हणजे ही उधारीच झाली की. वहीवर लिहून माल उचलायचा आणि पुढच्या चार बुक्क्यांत फेडून टाकायचा. फेडलं तर फुकटात पडलं, आणि फेडायच्या आधी कोण दारात आला तर सगळं घेऊन जाणार. ह्यामुळं खेळायची तऱ्हाच बदलून जाते. स्पेशल मारून लांब पळायचं नाही, मारल्या मारल्या त्याच गर्दीत घुसायचं, कारण फेडायचा पैसा त्यांच्याकडंच आहे. पट्टी अर्धी हिरवी, समोर तीन गाल्सिया नावाचे गुंड चाकू घेऊन पळत येतायत, मागं डोनोव्हन नावाचा दुसरा गुंड अप्परकट मारायला टपलाय, आणि तुम्हाला ठरवायचंय की आणखी एक उधारी करायची का आहे ती आधी फेडायची. एवढा विचार आम्ही मुस्तफात कधी केला नव्हता, तिथं नुसतं बटण बडवायचं काम. वर कॉम्बो मोजायचं पण आहे, मार न खाता मारत राहिलात तर गुण साठतात, मध्ये एक बसली की साठलेले गेले, त्यामुळं लोभ पण सुटत नाही. आणि पडद्याच्या कडेला माणूस आपटला की चेंडूसारखा परत येतो, तो खाली पडायच्या आत पुन्हा मारायचा, हे एकदा जमलं की झोप लागत नाही रात्री.

पात्रं सुरुवातीला चार. अॅक्सल, ब्लेझ, चेरी आणि फ्लॉइड. चेरी म्हणजे पहिल्या भागातल्या अॅडमची पोरगी, गिटार घेऊन फिरते. फ्लॉइडचे दोन्ही हात लोखंडी, दोघांना एकदम धरून डोकी एकमेकांवर आपटतो, आमचा दोस्त पहिल्या दिवसापासनं फ्लॉइडच घेतो कारण ते आपटायचं त्याला भयंकर आवडलंय. चौथी स्टेज झाल्यावर अॅडम स्वतः येतो, आणि गुण साठत गेले की जुन्या भागांतली ठिपक्यांची पात्रं उघडत जातात, जुन्या ठिपक्यांच्या रूपातच, त्यांच्या जुन्या चाली घेऊन. जुना अॅक्सल घेऊन नव्या रस्त्यावर चाललो तेव्हा, खरं सांगतो, जरा बरं वाटलं. नव्या माणसाला सुरुवात करायची असेल तर ब्लेझ घ्या, ना फार हळू ना फार नाजूक.

आता रडगाणं. सगळ्यात मोठं म्हणजे पळता येत नाही. तिसऱ्या भागात, १९९४ ला, सगळ्यांना पळता येत होतं, बटण दोनदा दाबलं की पळाला. चौथ्यात सुरुवातीच्या चौघांत पळते ती एकटी चेरी. बाकीचे चालतात. अॅक्सल तर असा चालतो की जेवण झाल्यावर शतपावली घालतोय, आणि फ्लॉइड त्याच्याहून हळू. मारामारी चालू असताना हे खुपत नाही, पण मारामारी संपल्यावर पडद्याच्या ह्या टोकाला पडलेली कोंबडी उचलायला त्या टोकावरनं चालत यायचं म्हणजे कळतं. करणाऱ्यांना दुसऱ्या भागाची लय हवी होती, आणि बहुतेकांचा दुसराच लाडका आहे हे मलाही मान्य, पण म्हणून पुढं शिकलेलं मागं टाकायचं का. घर दुरुस्त करताना आजोबांच्या वेळची चूल परत आणून ठेवल्यासारखं आहे हे.

दुसरं, आणि हे मला जास्त झोंबतं. गेमनं उधारीचा नियम केला, बरं, मान्य. पण काही बॉस असे आहेत की त्यांची एक चाल सुरू झाली की तुम्ही मारलेलं लागतं पण तो थांबत नाही, तुमच्या बुक्क्यांतनं आरपार चालत येऊन तुम्हालाच उचलून आपटतो. मी उधारी केली, फेडायला चार बुक्क्या मारल्या, चारही लागल्या, आणि चौथी लागत असतानाच त्यानं मला मारून सगळं हिरवं नेलं. हे सावकारानं पैसे मोजून घेऊन वर वही फाडून टाकल्यासारखं झालं. कठीण असायला हरकत नाही, सहाव्या स्टेजला चायनाटाऊनमध्ये शिवा आहे तो पण कठीणच, पण तो नीट लढतो, मार खाल्ला की का खाल्ला ते समजतं. दुसऱ्या स्टेजचा पोलीस कमिशनर मात्र धरायला आला की आम्ही दोघं सरळ दोन बाजूंना पळतो, म्हणजे चालतो.

स्टेज बारा आहेत. पहिल्या सात-आठ एकाहून एक. पोलीस ठाण्याच्या स्टेजमध्ये पोलीस आणि गुंड एकमेकांनाच मारतायत, आपण कोपऱ्यात उभं राहून बघायचं आणि शेवटी उरेल त्याचा हिशोब करायचा, हे तर मी दहा वेळा केलं असेल. सातव्या स्टेजला धावत्या रेल्वेवर मारामारी आहे. आठवी आर्ट गॅलरी. त्याच्यापुढं मात्र गाडी जरा ढिली पडते. तेच गडी वेगळ्या रंगाचे कपडे घालून, जास्त जीव घेऊन, जास्त संख्येनं. नवव्याला मॅक्स बॉस म्हणून समोर येतो, जो दुसऱ्या भागात आपल्या बाजूनं होता, त्याला आपल्याच हातानं मारायचं म्हणजे दोस्ताला खरंच वाईट वाटलं, पण तो प्रसंग सोडला तर दहा आणि अकरा मला नीट आठवत पण नाहीत. शेवटच्याला पुन्हा जीव आलाय, मिस्टर वाय आणि मिस वाय ही जुळी भावंडं आणि मोठा रोबो, सगळं एकदम अंगावर.

गोष्टीचं काय सांगू. जुन्या भागांतला खलनायक मिस्टर एक्स गेला, त्याची ही जुळी पोरं संगीत ऐकवून लोकांची डोकी फिरवतायत, आपण जाऊन मारायचं, संपलं. दोन स्टेजच्या मध्ये स्थिर चित्रं येतात आणि खाली दोन ओळी, भाच्यानं पहिल्याच दिवशी ती बटण दाबून पुढं ढकलायला सुरुवात केली आणि आम्हाला कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

संगीतावर मात्र आमच्यात दोन तट आहेत. जुन्या भागांचं संगीत युझो कोशिरोचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात मोतोहिरो कावाशिमा पण होता. सायबर कॅफेत तो ढिंच्याक आवाज बारक्या स्पीकरवर ऐकून आम्ही मान हलवायचो. चौथ्यात बहुतेक काम ऑलिव्हिए डेरिव्हिएर ह्या फ्रेंच माणसाचं आहे, कोशिरो आणि कावाशिमा पाहुण्यासारखे येऊन काही तुकडे देऊन गेलेत. नवं संगीत चांगलं आहे, मारामारीबरोबर वाढत जातं, बॉस आला की फुटतं. पण घरी भांडी घासताना गुणगुणावं असं त्यातलं किती, असं विचाराल तर माझं बोट एकाच तुकड्यावर थांबतं. दोस्त म्हणतो मला कान नाहीत. सेटिंगमध्ये जुन्या भागांचं संगीत लावायची सोय आहे, ती आमच्याकडं एक रविवार चालू आणि एक रविवार बंद, असा करार झालाय.

आणखी एक मजा, काही स्टेजमध्ये कोपऱ्यात जुनं आर्केडचं मशीन उभं असतं. हातात करंटचा टेझर असेल तर त्या मशीनला मारायचं, की तुम्ही आत, जुन्या ठिपक्यांच्या दुनियेत, जुन्या बॉससमोर. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, भाच्यानं चुकून मारलं आणि तिघंही ओरडलो. आतनं बायको आली बघायला, काय पडलं म्हणून.

आता दोघांनी खेळायबद्दल, कारण एकट्यानं हा गेम मी चार दिवसांत बाजूला ठेवला असता. एका पडद्यावर चौघंजण खेळू शकतात, नेटवर मात्र दोघंच. नेटवर आम्ही एकदा करून बघितलं, आमचं नेट कसलं ते आम्हालाच ठाऊक, माझ्याकडं मेलेला माणूस त्याच्याकडं उभा, सोडून दिलं. ह्याला शेजारी बसलेला माणूसच पाहिजे. दोस्त घरचा कन्नड, माझ्याशी एरवी मराठीतच बोलतो, पण खेळताना अंगावर आलं की त्याची भाषा आपोआप बदलते, होडी लेऽ होडी, म्हणजे मार, आणि हिंद नोडो, म्हणजे मागं बघ. आणि मी घाबरलो की मी पण हिंद नोडो म्हणूनच ओरडतो, ते का ते मला विचारू नका. भाचा खानापूरकडचा, त्याला कन्नड शाळेतल्या पुस्तकापुरतं, पहिल्या रविवारी तो विचारत होता मामा हा दोस्त सारखा होडी होडी का म्हणतोय, गेममध्ये होडी कुठंय. आता तोच जास्त ओरडतो.

आणि कोंबडीवरनं भांडण. गेममध्ये सफरचंद खाल्लं की थोडा जीव येतो, आणि भाजलेली कोंबडी खाल्ली की भरपूर. दोस्ताच्या घरात सात पिढ्यांत अंडं शिजलं नाही. पण पडद्यावर कोंबडी पडली की पहिला फ्लॉइड पोचतो, तो हळू चालणारा फ्लॉइड. सफरचंद घे की गा, तुला चालतंय ते, म्हटलं तर म्हणतो हे फ्लॉइड खातंय, मी कुठं खातोय. त्यात माझी अर्धी पट्टी हिरवी, उधारीत बुडालेला मी, आणि समोर हा कोंबडी खातोय.

कठीणपणा आधी पाच पायऱ्यांचा होता, इझीपासनं मेनियापर्यंत, २०२१ च्या अपडेटनं वर मेनिया प्लस पण आलाय. नॉर्मलवर स्टोरी दोन-तीन तासांत संपते, आणि हे ऐकून एवढ्या पैशाला एवढंच का असं म्हणणारे भेटतात. त्यांना एवढंच सांगतो की हार्डवर परत खेळा, गडी वेगळ्या जागी आणि जास्त येतात, नॉर्मलवर शिकलेलं अर्धं चालत नाही. स्टोरीत मेलात तरी त्याच स्टेजपासनं परत सुरू करता येतं, वर जास्तीचे जीव मागून घेता येतात, त्याबदल्यात गुण कमी होतात. ज्याला जुनी सवय त्याच्यासाठी आर्केड मोड आहे, बाराही स्टेज एका बैठकीत, मेला की पहिल्यापासनं. आम्ही एका रविवारी अकराव्यापर्यंत पोचलो होतो आणि करंट गेला. वळीव पडत होता बाहेर. दोघं अंधारात कंट्रोलर धरून बसलो, कुणी काही बोललं नाही, मग दोस्त म्हणाला चल चहा तरी पिऊया.

१५ जुलै २०२१ ला मिस्टर एक्स नाईटमेअर नावाचा जोडभाग आला, वेगळे पैसे पडतात. त्यात पोलीसवाली एस्टेल, मॅक्स आणि शिवा, जे स्टोरीत बॉस म्हणून येतात, ते खेळायला मिळतात आणि सर्व्हायव्हल मोड आहे, म्हणजे एकामागनं एक टोळ्या येत राहतात, प्रत्येक टोळीनंतर दोन गोष्टींतनं एक ताकद निवडायची, आणि मरेपर्यंत जायचं. कामावरनं येऊन अर्धा तास बसायला हे झकास, आता मी स्टोरीपेक्षा हेच जास्त खेळतो. त्याच वेळी फुकट अपडेटमध्ये सरावाचा मोड पण दिला आणि पात्रांचा तोल पण जरा बरा केला. पळायला तेवढं दिलं नाही. मोबाईलवर पण २०२२ पासनं मिळतो, मी काचेवर बोटं घासून दोन स्टेज केल्या आणि बंद केला, ज्यांची बोटं लहान त्यांनी बघावं.

घ्यायचा का? शेजारी बसायला माणूस असेल तर डोळे झाकून घ्या, सेलमध्ये घ्या, आधी नुसता मूळ गेम, आवडला तर जोडभाग. एकटेच असाल आणि गोष्ट-बिष्ट पाहिजे असेल तर दुसरं कायतरी बघा. आणि कंट्रोलरवर चार पैसे जास्त घाला, मी दुसरा कंट्रोलर जुना घेतला एका दुकानातनं, महिन्यात त्याचं उडी मारायचं बटण चिकटायला लागलं, फ्लॉइड आपला जमिनीला खिळून. सोडलाय दुरुस्तीला, शनिवारी देतो म्हणालाय.